होरियाचा रकाना

एमिलियान सरांनी गलात्स या बंदराच्या गावातल्या शाळेत चौतीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर घरात शिकवायला सुरुवात केली. विद्यार्थिनी एकच, बायको ओलिंपिया. आणि तिच्या बाबतीत सगळं पालथ्या घड्यावर पाणी. ती देव मानायची, आणि वर वादही घालायची.

त्या शुक्रवारी वादाला तिसरा भिडू होता. दुसऱ्या दिवशी मोठ्या उपवासाआधीचा मृतांचा शनिवार, म्हणजे चर्चमध्ये गेलेल्यांची नावं वाचून त्यांच्या नावाने गहू वाटायचा दिवस. बर्फावर घसरून ओलिंपियाचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेलेला, म्हणून नावांची यादी आणि शिजवलेल्या गव्हाचा गोड प्रसाद न्यायला फादर विसारियोन स्वतः घरी आले होते. हे फादर एके काळी सरांच्या वर्गात तर्कशास्त्रात नापास झालेले. सर ते विसरायचे नाहीत, आणि त्यांनाही विसरू द्यायचे नाहीत.

"प्रत्येक गोष्टीला कारण असतं, सर. मग या जगालाही..."

"मग देवालाही! बस खाली. अजून नापासच आहेस."

"आणि देव नाही, हे तरी तू कुठे सिद्ध केलंस?" गव्हावर डाव्या हाताने अक्रोडाचा चुरा भुरभुरत ओलिंपिया म्हणाली.

"'नाही' म्हणणाऱ्याने सिद्ध करायचं नसतं. छपरावर घोडा आहे म्हणणाऱ्याने घोडा दाखवावा."

"घोड्याला कुणी जन्मभर हाका मारत नाही."

फादर खो खो हसले. सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण आतून बरंही वाटलं. तिच्याशी भांडताना त्यांना नेहमीच बरं वाटायचं.

"पुरे आता. कागद घे आणि मी सांगते ते लिही," ती म्हणाली. "अक्षर नीट काढ."

कागदावर दोन रकाने. डावीकडे जिवंत, उजवीकडे मृत. उद्या फादर वेदीपुढे एकेक नाव वाचणार. ओलिंपियाने जिवंतांपासून सुरुवात केली. पहिलं नाव, एमिलियान.

"मी कशाला तुझ्या यादीत?"

"बेचाळीस वर्षं पहिलाच आहेस. लिही गुपचूप."

पुढचं नाव सरांना पाठ होतं. होरिया, त्यांचा एकुलता एक मुलगा, मालवाहू जहाजावर मेकॅनिक. अकरा वर्षांपूर्वी बिस्केच्या आखातात त्याचं जहाज बुडालं. सात जणांचे देह सापडले, होरियाचा नाही. दरवर्षी ओलिंपिया त्याला जिवंतांत लिहायची आणि दरवर्षी सर तिच्या खनपटीला बसायचे. फेब्रुवारीतलं पाणी, किती अंश, माणूस किती तास टिकतो. पुरावा कुठाय, ओलिंपिया?

आज तिने एकदम स्वतःच्या बहिणीचं नाव घेतलं, मग भाच्यांची. विसरली असेल, म्हणून सरांनी आपल्या नावाखाली एक ओळ मोकळी सोडली.

"आता उजवीकडे," ती म्हणाली. तिचे आईवडील झाले, त्यांचे झाले. मग तिने गव्हाचं ताट बाजूला सारलं. "होरिया."

सरांचं पेन थांबलं. "काय म्हणालीस?"

"बरोबर ऐकलंस. अकरा वर्षं त्याच्या नावाने ना मेणबत्ती, ना घासभर गहू. तो जिवंत असेल तर मृतांत नाव वाचल्याने त्याचं काही बिघडत नाही. फादरना विचारलंय मी. पण गेला असेल, तर माझ्या हट्टापायी माझं पोर तिथे उपाशी बसलंय. सांग, यात कुठे चुकले?"

सरांनी चूक शोधली. पोरांच्या वह्यांत शोधायचे तशी, पायरी पायरीने. चूक नव्हती. अकरा वर्षं ते हेच तर तिच्याकडे मागत होते, आणि आज तिने ते दिलं तर त्यांचा हात चालेना. ती डावीकडे लिहायची, त्या भरवशावर आपण उजवीकडचं बोलत होतो, हे त्यांना आत्ता कळत होतं. फार वाईट वाटलं त्यांना. तिला एकटीला सगळं धरून ठेवायला लावलं होतं.

"मांडणी बिनचूक आहे," ते म्हणाले.

"मग लिही ना."

"नाही लिहिणार."

"एमिलियान, अरे, पुरावा तर..."

"नाहीये माझ्याकडे पुरावा! काहीसुद्धा नाहीये. मला तो हवाय, ओलिंपिया. एवढंच आहे."

आणि त्यांनी डावीकडच्या मोकळ्या ओळीत होरियाचं नाव लिहिलं. ओलिंपिया प्लास्टरचा हात सांभाळत त्यांच्या शेजारी येऊन टेकली. तिने एप्रनच्या टोकाने आधी त्यांचे डोळे पुसले, मग स्वतःचे.

फादरनी कागदाची घडी करून खिशात ठेवली, ताट उचललं आणि हळूच निघाले. ते दारात पोचले तेव्हा सरांनी हाक मारली.

"विसारियोन! उद्या खालमानेने पुटपुटू नकोस, जुनी खोड आहे तुझी. होरियाचं नाव मोठ्याने घे. ऐकू गेलं पाहिजे."

"कुणाला, सर?"

"ते मला काय विचारतोस?" सर खेकसले. "ते तुझं काम!"