पाठीची झिप

थंड पाण्यात बुडी मारताना घालायच्या कोरड्या सूटची, म्हणजे ड्रायसूटची, झिप पाठीवर असते, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत. ती आपली आपल्याला लावता येत नाही आणि उघडताही येत नाही, जोडीदारच लागतो. इशबेलचं तर लग्नच या झिपेपायी जमलं. बेचाळीस वर्षं तिची झिप टॉर्किलने लावली. लावून झाली की तो डायव्हिंग क्लबाच्या रिवाजाप्रमाणे खांद्यावर दोन थापा मारायचा आणि म्हणायचा, "बंद! आता आतली म्हातारी बाहेर येत नाही." ती बावीस वर्षांची होती तेव्हापासून तो तिला म्हातारीच म्हणत आला होता. दोन वर्षांपूर्वी टॉर्किल गेला आणि तिचा सूट खुंटीला लागला.

मार्चमधल्या त्या रविवारी तो खाली काढला तो रोनासाठी. रोना ग्लासगोची, दातांच्या दवाखान्यात कामाला. सुट्टीत इजिप्तला जाऊन, कोमट पाण्यात बुड्या मारून डायव्हिंगचं प्रमाणपत्र घेऊन आलेली. थंड पाण्यातली तिची ही पहिलीच वेळ, आणि जोडीला जाण्याजोगं क्लबातलं दुसरं कुणी जुनं माणूस मोकळं नव्हतं. "तुम्ही याल का?" असं पोरीने फोनवर इतक्या आर्जवाने विचारलं की इशबेलच्या तोंडून हो निघून गेलं. मग रात्रभर ती स्वतःलाच शिव्या घालत बसली.

लॉख फाइन या समुद्राच्या खाडीच्या काठच्या दगडांवर अजून दंव होतं.

"हे बघ पोरी, इथे एकच कायदा," इशबेल म्हणाली. "तोंड पाण्यात जाईपर्यंत रेग्युलेटरमधून श्वास घ्यायचा नाही. या गारठ्यात श्वासाची वाफ आत गोठते. मग पाण्याखाली झडप उघडी पडते आणि टाकीतली सगळी हवा भसाभसा निघून जाते."

"पण तिकडे आम्हाला काठावरच चार श्वास घेऊन बघायला शिकवलं."

"तिकडे उंटही असतात. इथे दिसतोय का एखादा?"

रोना हसली, पण घशातल्या घशात. एकमेकींच्या झिपा लावून झाल्या; इशबेलने रोनाच्या खांद्यावर रिवाजाच्या दोन थापा मारून "बंद" म्हटलं. इशबेल हातमोजे आणायला गाडीपाशी गेली आणि तिथेच थबकली. चहाच्या टोपलीत तिने सवयीने दोन मग टाकले होते. त्यातला निळा, कानाला टवका गेलेला, टॉर्किलचा होता. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली, मिनिटभर असेल. तेवढ्यात तिकडे रोनाने, भीतीने म्हणा, सवयीने म्हणा, रेग्युलेटर तोंडात धरून चार श्वास घेतले. इशबेलची पाठ होती. तिला काही दिसलं नाही.

बारा मीटरवर जुन्या होडीचा सांगाडा होता. त्याच्यावर पांढरी समुद्रफुलं दाटीवाटीने फुललेली. दोन वर्षांनी ती दिसली आणि इशबेलच्या डोळ्यांत पाणी आलं. मास्कच्या आत ते पुसताही येत नाही. ती रोनाला बोटाने फुलं दाखवणार तोच बुडबुड्यांचा लोट उठला. रोनाच्या रेग्युलेटरची झडप गोठून उघडी पडली होती. त्या पांढऱ्या गोंधळात पोरीचे नुसते डोळे दिसत होते, ताटलीएवढे.

पुढचं सगळं इशबेलच्या हातांनी आपणहून केलं. आपली जादाची नळी रोनाच्या तोंडात दिली, तिचा पट्टा घट्ट धरला, तिच्या टाकीची चावी फिरवून बंद केली आणि डोळ्याला डोळा भिडवून हळूहळू वर आणलं. एक्याऐंशी साली, याच होडीपाशी, याच चुकीपायी टॉर्किलने तिला असंच वर आणलं होतं.

काठावर रोना एका दगडावर बसली. ओठ पांढरे पडले होते.

"झिप उघडा."

"आधी चहा घे."

"नको मला चहा. झिप उघडा, इशबेल. मला घरी जायचंय. हा सूट मी पुन्हा घालायची नाही."

हा आवाज इशबेलच्या ओळखीचा होता. तो तिचाच होता. तीही तेव्हा अशीच हट्टाला पेटली होती, आणि टॉर्किल म्हणाला होता, "बोटं बधिर झालीत गं. चहा होईपर्यंत थांब." ओतताना त्याने निम्मा चहा दगडावर सांडला होता. चहा संपेस्तोवर तिची भीती ओसरली आणि दोघं पुन्हा उथळ पाण्यात उतरली. त्याने तेव्हा झिप उघडली असती तर तिने घरचा रस्ता धरला असता. मग ना समुद्र, ना टॉर्किल. पुढे जन्मभर तिने त्याला त्यावरून छळलं. "लुईस बेटावरच्या कोळ्याचा पोरगा, आणि म्हणे बोटं बधिर!" तो नुसता हसायचा.

इशबेलने थर्मास उघडला, निळा मग घेतला आणि ओतू लागली. चहा दगडावर सांडला.

तिने हातांकडे पाहिलं. आजकालचे मोजे कोरडे राहतात. बोटं चांगली उबदार होती. तरी हात लटलट कापत होते. अन् एकदम तिच्या लक्षात आलं. बधिर नव्हतीच त्याची बोटं! तो घाबरला होता. इशबेल हातची जाता जाता राहिली म्हणून मेला मुळापासून हादरला होता, आणि एका शब्दाने बोलला नाही. आपण त्याला किती हसलो. त्याला आत्ता सांगावंसं वाटलं, फार वाटलं, आणि सांगायला तो नव्हता.

"तुमचे हात," रोना म्हणाली. "थंडीने?"

बधिर झालीत, हे शब्द तिच्या ओठांवर आलेच होते.

"नाही. भीतीने. वर येताना तू माझ्या डोळ्यांत बघत होतीस ना, तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती. आणि चूक काही तुझ्या एकटीची नाही. मी तुझ्यापाशी असायला हवं होतं, तर तिथे नवऱ्याच्या या मगाकडे बघत उभी होते. चहा पी. संपल्यावर उघड म्हणालीस, तर उघडीन."

रोनाने निळा मग दोन्ही हातांत धरला. सावकाश प्यायली. रिकामा मग तिने दगडावर ठेवला.

"किती खोल जायचं?" तिने विचारलं.

"फार तर माझ्या उंचीएवढं. गाडीत दुसरं रेग्युलेटर आहे."

"तुमच्या उंचीएवढं म्हणजे गुडघाभरच की!"

"जीभ गोठली नाही वाटतं तुझी."

दुसरं रेग्युलेटर टाकीला बसवून झालं. रोना उठली. "वळा," म्हणाली. तिने इशबेलची झिप या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली आणि खांद्यावर दोन थापा मारल्या.

"बंद."

इशबेल क्षणभर पाण्याकडे तोंड करून उभी राहिली.

"बधिर म्हणे!" ती म्हणाली. "लबाड कुठला." आणि पाण्यात उतरली.