फिरलेला डोळा

प्रबंध नापास झालेल्या त्या मुलीच्या पत्राला सरांनी उत्तर दिलंच नव्हतं. अकरा वर्षं ते त्यांच्याच पुस्तकात खुणेसारखं पडून होतं. "सर, आपल्या शेऱ्यामुळे प्रबंध परत आला. 'माझ्या पुस्तकातली आकृती पाहावी', असं लिहिलंत. पाहिली. पण नमुन्याला डोळाच नाही. पुन्हा एकदा बघाल का?"

सर स्प्रिंगटेलवाले. मातीतले हे जीव खसखशीएवढे, पोटाखाली दुमडलेलं दुबेळकं शेपूट झटकून टुणकन उडणारे. त्यांतल्या गोल अंगाच्यांचे दोन गट: एकाच्या मिशा लांब आणि बहुधा डोळे असतात, दुसऱ्याच्या मिशा डोक्याहून आखूड आणि डोळे अजिबात नसतात. आकृतीतल्या नमुन्याच्या मिशा आखूडच होत्या. पण सरांना डोळा दिसला होता, म्हणून त्यांनी त्याला पहिल्या गटातलं पिल्लू ठरवलं. तिने प्रबंधात त्याला दुसऱ्या गटात घातलं.

आज नव्या आवृत्तीसाठी आकृती पुन्हा काढायची होती. सरांनी सूक्ष्मदर्शकाखाली त्याच नमुन्याची काचपट्टी लावली, सवयीने डोकं नेहमीच्या जागी आणलं. डोळा होता. हायसं वाटलं. वरचं भिंग सैल लागलं म्हणून त्यांनी ते पिळलं.

डोळा फिरला.

सरांच्या हातातली पेन्सिल गळून पडली. पुन्हा भिंग फिरवलं. जीव जागच्या जागी, डोळा मात्र त्याच्या डोक्यावरून निघून पाठीवर जाऊन बसला.

"काय हो, भूत पाहिलंत का?" बायकोने दारातून विचारलं.

"अगं, डोळा भिंगात आहे. धुळीचा कण!"

"तरी मी म्हणते, पुसत जा."

"मस्करी नको. त्या मुलीचा प्रबंध मी धुळीवरून पाडला. विषय सोडून शाळेत शिकवते म्हणे."

बायकोने टेबलावर कोरे कागद ठेवले. मग म्हणाली, "मग लिहा ना."

सरांनी चार कागद फाडले. एकात क्षमा फार होती, दुसऱ्यात भिंगाचाच दोष निघाला.

"अहो, 'चूक माझी' हे दोन शब्द लिहायला रद्दी किती करताय?"

पाचव्या कागदावर एवढंच उतरलं: "तुमचा गट बरोबर. डोळा माझ्या भिंगातला होता. चूक माझी. प्रबंध पुन्हा तपासावा म्हणून विद्यापीठालाही आजच लिहितो आहे."

कोपऱ्यावरच्या पेटीत दोन्ही पाकिटं टाकली. तिच्या पाकिटावरचा पत्ता अकरा वर्षांपूर्वीचा होता.