गुरुवारी नळ नव्हता

सरोजिनीबाई गेल्या त्याला दीड महिना झाला होता, तरी नांदेडच्या त्या घरात साडेआठला टीव्ही लागायचाच. श्रीपाद गुरुजी स्वतः उठून लावायचे. बायको असताना ह्याच मालिकेवरून ते तिची चेष्टा करायचे. मालिका वकिलांची होती. आठवड्याला एक बिनगुन्ह्याचा माणूस तुरुंगातून सुटायचा आणि सरोजिनीबाई पदरानं डोळे पुसायच्या.

"तुझी वकीलबाई आठ दिवसांत माणूस सोडवते. आपल्याकडं आठ दिवसांत तारीख मिळत नाही," गुरुजी म्हणायचे.

"तुम्ही गप बसा. कसं सोडवतात ते नीट बघून घ्या."

बघून घ्या, असं ती का म्हणायची, ते गुरुजींना ती गेल्यावर कळलं.

फेब्रुवारीतली एक रात्र होती. गुरुजी ताट मांडीवर घेऊन बसले होते. मालिकेतल्या वकीलबाईनं पिंजऱ्यातल्या म्हाताऱ्या पंचाला विचारलं, "पंचनाम्यावर सही केली तेव्हा तुम्ही कुठं उभे होता?" पंचानं मान खाली घातली. गुरुजींच्या हातातला घास हातातच राहिला. त्यांनी टीव्ही बंद केला आणि बराच वेळ अंधारलेल्या काचेकडं बघत बसले.

त्यांनीही एकदा अशीच सही केली होती. त्या सहीवर दगडोबा दहा वर्षं आत होता.

तेव्हा गुरुजी लातूरच्या एका शाळेत मास्तर होते. भूकंपानंतर दोन-चार वर्षांतच लातूरला क्लासचं पीक आलं. बोर्डाच्या यादीत लातूरची पोरं झळकायला लागली, तशी रेणापूर, मुदखेड, उदगीर अशी कुठून कुठून पोरं पत्र्याच्या ट्रंका घेऊन उतरू लागली. सरोजिनीबाईंनी घरातच मेस काढली. सकाळी चाळीस ताटं, संध्याकाळी चाळीस. भाजी आणायला आणि भांडी घासायला दगडोबा होता.

दगडोबा किल्लारीचा. भूकंपाच्या पहाटे तो शेतात जागलीला होता म्हणून वाचला. बायको आणि दोन लेकरं माळवदाखाली गेली. तेव्हापासून तो छताखाली शिरत नसे. जेवण ओट्यावर, झोप अंगणातल्या लिंबाखाली, पाऊस आला तर अंगावर ताडपत्री. सरोजिनीबाई म्हणायच्या, "दगडोबाभाऊ, आत येऊन झोप की रे." तो म्हणायचा, "घर लई जड असतंय ताई." त्या दर वर्षी त्याला राखी बांधायच्या, म्हणून गुरुजी त्याचे दाजी झाले.

समोर विरूपाक्ष नावाच्या माणसाचं होस्टेल होतं. त्याची अन् दगडोबाची सांडपाण्यावरून एकदा जोरात वाजली होती, सगळ्या गल्लीनं ऐकली होती. चौदा ऑगस्ट दोन हजार तीन, गुरुवार. पोरं सुट्टीला गावी गेलेली, होस्टेल रिकामं. सकाळी वरच्या मजल्यावरून विरूपाक्षची किंकाळी आली. दहा वर्षं ज्यानं स्लॅबखाली पाय टाकला नव्हता, तो दगडोबा जिना चढून वर गेला आणि डोकं फुटलेल्या विरूपाक्षला हातांवर उचलून खाली घेऊन आला. रिक्षात घालेपर्यंत जीव गेला. दगडोबाचा शर्ट रक्तानं भिजला होता. पोलीस आले तेव्हा त्यानंच तो काढून त्यांच्यापुढं ठेवला.

दुपारी गुरुजी शाळेच्या मैदानावर पंधरा ऑगस्टची कवायत घेत होते. जमादार मोटारसायकलवर आला.

"गुरुजी, एक सही पायजे. तुमच्या सहीला वजन हाय."

"कसली?"

"पंचनामा हाय. लिहून तयार हाय सगळं."

पोरं उन्हात उभी होती, ढोलवाला चुकत होता. गुरुजींनी मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून पानापानावर सही केली. मास्तर माणूस, पोरांच्या उत्तरपत्रिकेतला काना-मात्रा सोडत नसे. हा कागद मात्र वाचला नाही. सरकारी कागद वाचत बसणं म्हणजे सरकारवर संशय घेणं, असं त्यांना वाटायचं.

कागदात लिहिलं होतं की आरोपी अंगणातल्या नळाखाली, नळ चालू असताना, रक्ताचा शर्ट धूत होता आणि पंचांसमक्ष तो ओला जप्त केला. धुतला म्हणजे लपवत होता. लपवत होता म्हणजे मारलं त्यानंच.

सहा महिन्यांनी साक्षीला गेले तेव्हा गुरुजींनी तो मजकूर पहिल्यांदा वाचला आणि हे आपण पाहिलेलं नाही, असं सांगून बघितलं. सरकारी वकील म्हणाले, "सही तुमचीच ना? मग मजकूरही तुमचाच. नाही म्हणालात तर खोटे तुम्ही ठरता." गुरुजी पिंजऱ्यात उभे राहिले आणि म्हणाले, "होय, माझ्यासमोर धूत होता." समोर दगडोबा बसला होता. तो गुरुजींच्या तोंडाकडं नुसता बघत राहिला. त्याला जन्मठेप झाली.

त्या संध्याकाळी सरोजिनीबाई एवढंच म्हणाल्या, "गुरुवारी नळ कुठं होता हो?"

"कोर्टात नळाचं काय काढतेस," गुरुजी खेकसले. त्यानंतर तिनं तो विषय कधी काढला नाही. मालिका मात्र एक दिवस चुकवली नाही.

टीव्ही बंद करून गुरुजी उठले आणि त्यांनी तिची ट्रंक उघडली. लातूरला नळाला आठवड्यानं पाणी यायचं. ज्या दिवशी यायचं त्या चौकोनात सरोजिनीबाई कॅलेंडरवर निळ्या पेननं 'नळ' लिहायच्या. गॅसची टाकी लागली की 'टाकी'. वर्ष संपलं की कॅलेंडर फळीवर अंथरायचं, ही घरची रीत. ट्रंकेत साड्यांच्या तळाशी मात्र एकच कॅलेंडर घडी करून ठेवलेलं होतं. दोन हजार तीनचं.

ऑगस्टचं पान. दहा तारीख, रविवार: नळ. बारा तारीख: दगडोबा – राखी. सतरा तारीख, रविवार: नळ. मधला गुरुवार कोरा.

गुरुजी पलंगावर बसले आणि मोठ्यानं रडले. बायको गेली त्या दिवशीही असं रडणं आलं नव्हतं. तिला सगळं ठाऊक होतं. कॅलेंडर बाहेर काढलं तर नवरा खोटा ठरणार, म्हणून तिनं ते काढलं नाही, पण जपून ठेवलं. नवऱ्यानं स्वतः मागावं म्हणून वाट बघितली. त्यानं मागितलं नाही.

पुण्याहून आलोकचा, मुलाचा, फोन आला. गुरुजींनी त्याला सांगितलं.

"बाबा, आता कशाला? तुमची पेन्शन, तुमचं नाव..."

"माझं नाव त्या कागदावर आहे, आलोक. तेच पुसायला जातोय."

नांदेडलाच पुनम वकील होती. रेणापूरच्या शेतकऱ्याची मुलगी, मेडिकलच्या क्लाससाठी लातूरला आलेली, दोन वर्षं सरोजिनीबाईंच्या हातचं जेवलेली. गुरुजींनी कॅलेंडर तिच्या टेबलावर पसरलं.

"काका, मेडिकलला लागले असते तर तुमचं बीपी बघितलं असतं. आता तुमचा जबाब बघावा लागतोय," ती म्हणाली. मग तिचं हसू गेलं. "हे दिलं तर शपथेवर खोटं बोललो, असं तुम्हीच म्हणताय. खटला तुमच्यावर होऊ शकतो. माहीतंय ना?"

"माहीतंय."

"भीती वाटत नाही?"

"लई वाटते. तू लिही."

दगडोबाचं अपील औरंगाबादच्या खंडपीठात नऊ वर्षं पडून होतं. त्याला विचारणारं कोणी नव्हतं. पुनमनं वकीलपत्र घेतलं. एकटं कॅलेंडर पुरणार नाही म्हणून तिनं माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला आणि नगरपालिकेची पाण्याच्या पाळीची वही शोधून काढली. वहीनं कॅलेंडरचीच साक्ष दिली. दहा तारखेला पाणी, मग एकदम सतराला. मधे त्या भागात थेंब नाही.

जुलैत सुनावणी झाली. न्यायमूर्तींनी गुरुजींना स्वतः विचारलं, "तुम्ही शिक्षक होता. न वाचता सही केली?"

"होय साहेब. शर्ट मी कोणी धुताना पाहिला नाही. मी मैदानावर होतो."

"मग कोर्टात हो का म्हणालात?"

गुरुजी एक पाऊल पुढं सरकले. त्यांनी कठडा धरला. "सहीची लाज वाटली साहेब. माणसाची वाटायला पाहिजे होती."

सरकारी वकिलानं कॅलेंडर उलटंपालटं करून पाहिलं आणि तो म्हणाला, हे घरगुती कागद आहेत, मागाहूनही लिहिता येतात. पुनम उठली. "मागाहून लिहायला त्या बाईंना नगरपालिकेची वही घरी न्यावी लागली असती. ती वही मलाच तीन महिने दाखवत नव्हते." न्यायमूर्तीही हसले.

निकाल ऑगस्टात लागला. नळ नव्हता, म्हणून धुणं नव्हतं. धुणं नव्हतं, म्हणून लपवणं नव्हतं. शर्टावरचं रक्त जखमी माणसाला उचलणाऱ्याच्या शर्टावर असायचंच. उरलं फक्त सांडपाण्याचं भांडण, आणि भांडणावर जन्मठेप होत नाही. दगडोबाची निर्दोष मुक्तता. विरूपाक्षला खरं कोणी मारलं, ते कधी कळलं नाही. निकालात गुरुजींवर चार ओळींचे ताशेरे होते, त्यांच्यावर कारवाई मात्र केली नाही. पेपरात त्यांचं नाव आलं. जुने सहकारी दोन दिवस फोनवर कुजबुजले. गुरुजींनी ते कात्रण कापून कॅलेंडरच्या घडीत ठेवलं.

सुटकेच्या दिवशी गुरुजी आणि पुनम सकाळपासून तुरुंगाच्या दाराशी होते. दगडोबा बाहेरच्या खोलीत आला. केस पांढरे झालेले, पाठीत थोडा वाकलेला. त्यानं आधी गुरुजींच्या मागं बघितलं.

"ताई?"

"गेली रे. जानेवारीत." गुरुजींनी कॅलेंडर त्याच्या हातात दिलं आणि बारा तारखेवर बोट ठेवलं. "तुझं नाव आहे बघ. तुला तिनंच सोडवलं. मी तुला अडकवलं."

दगडोबाला वाचता येत नव्हतं. त्यानं त्या चौकोनावरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिला.

"लई येळ लावला दाजी," शेवटी तो म्हणाला.

"हो. लावला."

"आला पर." त्यानं गुरुजींच्या खांद्यावर हात ठेवला. "पिंजऱ्यात तुमचं त्वांड बघून मला वाटलं हुतं, हा माणूस येणार. कवा, त्ये ठावं नव्हतं."

शिपायानं कागद पुढं केला. सुटणाऱ्याचं सामान परत मिळाल्याची पावती. दगडोबाचा अंगठा आणि साक्षीदाराची सही पाहिजे होती.

"आजोबा, इथं करा सही."

गुरुजींनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. ओठ हलवत, बोट ठेवत, एकेक शब्द.

"अहो, सामानाचीच यादी हाय. करा की."

"वाचू द्या."

"सगळेच अशीच करतेत."

"मीही तशीच केली होती."

शिपाई पुनमकडं बघू लागला. पुनमनं खिडकीबाहेर बघितलं. मागून दगडोबा बोलला, "वाचू द्या की साहेब त्यास्नी. धा वर्सं थांबलो, अजून धा मिन्टं थांबतो."

गुरुजी शेवटच्या ओळीला आले आणि थांबले. "यात चादर एक, असं लिहिलंय. चादर कुठाय?"

शिपायानं पिशवीत बघितलं. मग तो आत गेला आणि एक निळी चादर घेऊन आला. दगडोबानं ती ओळखली. सरोजिनीबाईंनी लिंबाखाली पांघरायला दिलेली होती. त्यानं ती झटकून खांद्यावर टाकली.

तेव्हा गुरुजींनी सही केली. पूर्ण नाव, ठळक, खाली तारीख.

बाहेर ऊन पडलं होतं. दगडोबा दारातून चार पावलं पुढं आला, थांबला आणि मान वर करून बघत राहिला. डोक्यावर काहीच नव्हतं.