दहा गिरण्यांचा तक्ता

तिने कापडगिरणीने लावलेलं लेबल पुसलं आणि सगळ्या कंपन्यांसाठीच्या सामायिक यादीतलं उचलून आकड्याला लावलं: कामावरील मृत्यूंची भरपाई.

गिरणीने त्या रकमेला घरच्या घरी नाव ठेवलं होतं, ‘विशेष कल्याण साहाय्य’. कंपन्यांच्या वार्षिक अहवालातल्या प्रत्येक आकड्याला ठरलेलं लेबल लागलं, की एकीचा आकडा दुसरीच्या शेजारी ठेवून पाहता येतो. ती लेबलं तपासणं हे कार्यालयात तिचं काम. घरचं नाव लावलेला आकडा मात्र तुलनेच्या तक्त्यात येतच नाही. तिथे नुसती रेघ दिसते.

वर्षभरापूर्वी गिरणीच्या रंगखात्यात बॉयलर फुटून तिघे गेले. त्यातले एक तिचे दाजी. नंतर ताईला गिरणीने घडीखात्यात, कापडाच्या घड्या घालायला, कामावर घेतलं.

“तुमचे नातेवाईक होते ना त्यात?” साहेबांनी विचारलं. “फाइल दुसऱ्या कोणाकडे देतो.”

“द्या. तोही हेच लेबल लावेल.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. फाइल तिच्याकडेच राहिली.

दुपारी गिरणीच्या हिशेबनिसांचा फोन आला. आवाज वयस्कर, थकलेला.

“मॅडम, आमच्या धंद्यात हे लेबल कोणी लावत नाही.”

“यादीत आहे ना. यादीत असलं की स्वतःचं बनवता येत नाही.”

“नियम तसाच आहे खरा.” मग त्यांनी विचारलं, “बाकीच्या गिरण्यांचे अहवाल कोण तपासतं?”

“दुसरी कार्यालयं.”

“बरं,” ते म्हणाले. तासाभरात सही होऊन अहवाल आला. त्या संध्याकाळी तिला कितीतरी दिवसांनी सपाटून भूक लागली.

तक्ता चार महिन्यांनी निघाला. दहा गिरण्या, एकीखाली एक. त्या रकान्यात नऊ रेघा आणि एकच आकडा.

ती खुर्चीतून उठली, परत बसली. मग तिने एकेक अहवाल उघडला. एकीकडे ‘कुटुंब सन्मान निधी’, दुसरीकडे ‘संकीर्ण’, तिसरीकडे शेवटच्या पानांवर बारीक अक्षरात दोन ओळी. तिने तक्रार लिहिली, साहेबांनी वर पाठवली. पुढच्या वर्षी विचार करू, असं उत्तर आलं.

माल घेणाऱ्यांनी तक्ता वाचला. बारीक अक्षरं वाचायला कोणाला वेळ होता? सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने काम दुसऱ्या गिरणीकडे वळवलं. आधी रंगखातं बंद पडलं, मग घडीखातं.

रविवारी सकाळी ताई आली. पाणी पुढे केलं तरी पेला तसाच हातात धरून बसली.

“कमी केलं आम्हाला. चाळीस जणींना. कसल्याशा तक्त्यात आमच्याच गिरणीचं वाईट दिसलं म्हणे.”

“ते लेबल मी बदललं होतं, ताई.”

पेल्याच्या काठावरून ताईचा अंगठा फिरत राहिला.

“दाखव,” ती शेवटी म्हणाली.

तिने लॅपटॉप उघडून तक्ता काढला. ताई पुढे वाकली. एकेका रेघेवरून तिची नजर खाली सरकत गेली.

“यांच्याकडे कोणी गेलंच नाही?”

“गेलेत. दुसऱ्याच नावाखाली घातलेत.”

“आणि यात तिघंही आहेत?” ताईने आकड्यावर बोट ठेवलं.

“हो.”

“नावं नसतात?”

“नाही गं. नुसता आकडा.”

“किती दिवस राहतो हा?”

तिला ताईकडे बघवेना. “पुढच्या अहवालात मागच्या वर्षाचा एक रकाना असतो. त्यात राहतो. मग निघून जातो.”

स्क्रीनवर बोटाचा ठसा उमटला होता. ताईने तो तळहाताने हळूच पुसला.

“म्हणजे अजून एक वर्ष आहेत,” ती म्हणाली.