हायड्रेंजियाची गोडी छाटणी

शंतनूने पैज लावली आणि मी ती घेतली, इथेच माझं चुकलं. पण त्याने ती कुठल्या आवाजात लावली ते तुम्ही ऐकलं असतंत, तर तुम्हीही घेतली असतीत. व्हिडिओ कॉलवर माझ्या मागच्या खिडकीतून त्याला बाग दिसत होती. "आई, ऑक्टोबर अर्धा संपत आला आणि गार्डन अजून तसंच आहे," तो म्हणाला. "तुला मॅनेज होत नाहीये. इट्स ओके."

इट्स ओके! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या कार्ट्याला मी नाक शिंकरायला शिकवलं, तो मला इट्स ओके म्हणतो.

आता बागेचं असं आहे. अमेरिकेच्या या थंड टोकाला, आमच्या ट्रॉयमध्ये, थंडी आली की होस्टा, डेलिली, पिओनी ही मंडळी वरून मरतात आणि खालून झोपतात. मुळं जिवंत असतात, वर उरतो तो सगळा चिखल. पहिलं दहिवर पडलं की होस्टाची पानं शिळ्या पालकाच्या भाजीसारखी लिबलिबीत होतात. बर्फ पडायच्या आत हे सगळं जमिनीलगत कापायचं, पोती भरून रस्त्याकडेला ठेवायचं आणि मुळांवर पालापाचोळा घालायचा. तीस वर्षं केलं. पण यंदा वसंतात मी गुडघा बदलून घेतला, आणि या नव्या गुडघ्याला खाली बसणं मान्य नाही. चालाल, जिने चढाल, असं डॉक्टर म्हणाला होता. उकिडवं बसण्याबद्दल त्याने अवाक्षर काढलं नाही, कारण त्याच्या देशात कुणी उकिडवं बसतच नाही.

प्रल्हाद असते तर प्रश्नच नव्हता. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून शंतनू आणि देवयानी, म्हणजे माझी सून, मला त्यांच्याकडे, दूर दक्षिणेत शुगर लँडला न्यायच्या मागे लागलेत. मोठं घर, माझी वेगळी खोली, खाली बाथरूम, सगळं तयार. जुलैत एकदा माझं दूध उतू गेलं आणि नेमकी मी कॉलवर होते. अहो, दूध मी लग्न झाल्यापासून उतू घालवत आलेय, पण आता त्याला विसरण्याच्या आजाराचं 'सिम्प्टम' म्हणतात. तेव्हापासून शंतनू माझ्याशी जरा हळू आणि सुटं सुटं बोलायला लागला.

तर पैज अशी: दोन आठवड्यांनी शनिवारी तो येणार. तोवर मी एकटीने बाग आवरली असेल, तर शुगर लँडचं नाव काढायचं नाही. नसेल, तर सोमवारी त्याच्याबरोबर निघायचं. देवयानीने माझं एकेरी तिकीट काढूनही ठेवलं होतं. मुलगी कामाला चोख आहे.

दोन दिवस मी प्रामाणिकपणे प्रयत्न केला, हे नोंदवून ठेवते. स्टुलावर बसून कोनफ्लॉवरचा एक ताटवा कापला. मग स्टूल कलंडलं आणि मी ताटव्यात बसले. उठायला इतका वेळ लागला की समोरची बाई कुत्र्याला घेऊन दोनदा गेली आणि दोन्ही वेळा हात हलवून "ब्यूटिफुल डे!" म्हणाली. मीही हात हलवला. त्या रात्री मला रडू आलं. हे घर सोडायची मला भीती वाटते, आणि ते मी कुणाला सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी मला हळदीकुंकू सुचलं.

इथे संक्रांतीला गुडघाभर बर्फ असतो, म्हणून मी हळदीकुंकू ऑक्टोबरात करते, आणि तेही बागेत. वाण म्हणून झाडांचे गड्डे लुटते. बायका म्हणतात, शुभाकाकूंचं वाण जगतं आणि वाढतं, स्टीलच्या वाटीसारखं कपाटात पडून राहत नाही. ट्रॉयमधल्या निम्म्या मराठी अंगणांत माझा होस्टा आहे. तर बायकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला: "रविवारी हळदीकुंकू. यंदा वाण स्वतः खणून न्यायचं. येताना कात्री आणा."

आल्या हो सगळ्या! पैठणीवर फ्लीसचं जॅकेट, पायात बर्फाचे बूट, हातात कात्र्या. कुंकू लावलं, अत्तर लावलं आणि एकेकीला एकेक ताटवा वाटून दिला. मी खुर्ची टाकून विहीणबाईसारखी मध्ये बसले. "आश्लेषा, अगं चार बोटं ठेवून काप, मुळावर कशाला उठलीस?" "पिओनीचं पान राहू देऊ नका गं, रोग राहतो त्यात." फोटो मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत, अशी सक्त ताकीद दिली, कारण त्या ग्रुपवर शंतनूही आहे. बायकांना कारण सांगितलं, दृष्ट लागते. सगळ्या इंजिनियर, पण दृष्ट म्हटल्यावर एकीनेही शंका काढली नाही.

दोन तासांत बाग साफ झाली. मला इतका आनंद झाला की मी थालीपिठं लावायला आत गेले. तिथे घात झाला.

घराच्या पूर्वेच्या भिंतीला हायड्रेंजियाची पाच झाडं आहेत, प्रल्हादांनी लावलेली. या जातीला पुढच्या वर्षीची फुलं आदल्या वर्षीच्या काडीवर येतात. कळी शरदातच तयार होऊन काडीत बसलेली असते, म्हणून तिला शरदात कात्री लावायची नाही, उलट थंडी लागू नये म्हणून गुंडाळून ठेवायची. प्रल्हाद दर वर्षी छातीपर्यंत गोणपाट गुंडाळायचे आणि सुतळीचं दुसरं टोक शंतनूकडे द्यायचे. आमच्या घरात देवाला एक वेळ नमस्कार केला नाही तरी चालायचं, पण हायड्रेंजियाला कात्री म्हणजे महापाप.

आता आलेल्या बायकांतली कांचन. पोरगी गुणाची, इथे डेटाबेस सांभाळते, पण माहेर निफाडचं, वडिलांची द्राक्षबाग. आणि द्राक्षाला ऑक्टोबरात काय करतात? गोडी छाटणी! काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, मोजून ती कापायची, की घोस लगडतात. वाटून दिलेलं काम संपलं, समोर पाच झुडपं, वाळकट काड्या, महिना ऑक्टोबर. तिच्या हाताला कुणाला विचारायची गरजच पडली नाही.

मी थालीपिठाची ताटली घेऊन बाहेर आले, तर भिंतीलगत वीतभर खुंट. "बघा काकू," कांचन घाम पुसत म्हणाली, "बरोब्बर दोन डोळ्यांवर घेतलीय. पुढच्या वर्षी फुलं नुसती लगडतील. आमचे अण्णा असते तर शाबासकी दिली असती."

कप्पाळ माझं! पण पैठणीचा पदर खोचून ती पोर दोन तास राबली होती. मी म्हटलं, "छान हो," आणि तिला दोन थालीपिठं जास्त वाढली. लोणीही वाढलं. सगळ्या गेल्यावर मात्र त्या खुंटांपाशी उभी राहून म्हटलं, "अहो, माफ करा." मग घळाघळा रडले. मग नाक पुसलं आणि खुंट झाकायला गोणपाट काढलं, कारण शनिवार यायचा होता.

शंतनू आला. बॅग दारात टाकून तडक बागेत. तपासणीला आल्यासारखा एकेक ताटवा बघत गेला, आणि मी काठी न घेता त्याच्या मागे, गुडघा आतून शिव्या देत असताना चेहरा हसरा ठेवून.

"वॉव, आई. हे सगळं तू एकटीने केलंस?"

"मग काय शेजारीण आली होती?" मी म्हटलं.

तो भिंतीपाशी पोचला आणि थांबला. "हे गुडघ्यापर्यंतच का गुंडाळलंय? बाबा तर इथपर्यंत घ्यायचे." त्याने छातीवर हात ठेवून दाखवलं.

"गोणपाट कमी पडलं."

तो खाली बसला. त्याचे गुडघे चांगले आहेत. सुतळी सोडली, पाला बाजूला केला आणि खुंटाकडे बघत राहिला.

"आई, हे कोणी कट केलं?"

आता तुम्हीच सांगा, काय उत्तर द्यायचं? दुसऱ्या कुणी कापलं म्हणावं, तर पैज हरले. मी कापलं म्हणावं, तर... तर काय, ते तेव्हा माझ्या डोक्यात आलंच नाही. मला फक्त पैज दिसत होती.

"मीच," मी ठणकावून सांगितलं. "सगळं मीच केलंय, म्हटलं ना?"

तो उठून माझ्याजवळ आला आणि माझा हात हातात घेतला. चेहरा पांढराफटक. "आई," तो फार हळू म्हणाला, "आज वार कोणता आहे?"

"शनिवार. का रे?"

"बाबांनी हायड्रेंजियाबद्दल काय सांगितलं होतं, आठवतं तुला?"

"अरे, आठवत नाही तर काय!"

"मग तू ते का कापलंस?" त्याचा आवाज फुटला. "आई, तू दुसरं कायपण विसरली असतीस ना... हे तू कशी विसरशील?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शुगर लँडची खोली सोडा, हा मला मनातल्या मनात कुठल्या कुठे पोचवून आला होता. वडील गेले, आता आईही गेली, फक्त ती अजून समोर उभी आहे, अशा नजरेने तो बघत होता. ती नजर मला सोसवेना. घर गेलं तर गेलं, म्हटलं.

"कांचनने कापलं," मी म्हटलं.

"कोण कांचन?"

"निफाडची. द्राक्षवाली. मी हळदीकुंकवाला बोलावलं होतं सगळ्यांना, कात्र्या घेऊन या म्हटलं. मी एक ताटवा कापला आणि त्यातच पडले. बाकी सगळी बाग त्यांनी कापली, मी खुर्चीवर बसून ओरडत होते. थालीपीठ लावायला आत गेले तेवढ्यात तिने द्राक्ष समजून हाणलं. मला सगळं आठवतं, मेल्या! तुझ्या बाबांची मी माफीसुद्धा मागितली. मी तुला फसवलं. फोटो टाकू नका म्हणून त्यांनाही थापा मारल्या. हरले मी पैज. झालं समाधान?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "म्हणजे तू विसरली नाहीस? तू नुसतं खोटं बोलत होतीस?"

"हो!"

"नक्की?"

"आता काय शपथ घेऊ?"

तो मागच्या पायरीवर मटकन बसला, दोन्ही हातांत तोंड धरलं आणि हसायला लागला. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की तो हसत नव्हता. मी त्याच्या शेजारी बसले. पायरी उंच आहे, तेवढं जमतं. चाळिशीचा घोडा माझ्या खांद्यावर डोकं टेकवून रडत होता आणि मी त्याच्या केसांतून हात फिरवत "अरे वेड्या, अरे वेड्या" एवढंच म्हणत होते.

मग त्याने डोळे पुसले, खिशातून फोन काढला आणि देवयानीला लावला.

"ऐक ना, आईचं तिकीट कॅन्सल कर," तो म्हणाला. "नाही, नाही, ती एकदम ठणठणीत आहे. मस्त खोटं बोलतेय."