काकांच्या उशाचा डाग

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा उडवलं. लोक म्हणतील, रंगाचा वास डोक्यात गेला याच्या. म्हणू देत.

मी चित्रकला कुठे शिकलेलो नाही. दिवसा लोकांची घरं रंगवतो, उरलेल्या वेळात चित्रं. आणि माझे रंग दुकानातले नसतात. जुनी भिंत खरवडली की पोपडे निघतात, हिरव्याखाली गुलाबी, गुलाबीखाली निळा. ते पिशवीत भरून आणतो, काचेवर बारीक घोटतो, जवसाचं तेल घालतो. ज्या खोलीचा रंग, त्याच खोलीचं चित्र. आधी भिंत, मग माणूस. डोळे सगळ्यात शेवटी.

माझा जोडीदार शिडी. एवढा उंच की छताला उभ्याउभ्या ब्रश पोचतो, म्हणून शिडी. तो दोन वर्षांचा असताना त्याची आई गेली. फोटो एकही नाही.

"तू कुणाचंही काढतोस. माझी आई काढ ना," तो म्हणाला.

"न बघता? मी काय जादूगार आहे?"

"डाग आहे की."

पलंगावर टेकून बसणाऱ्याच्या केसांचं तेल भिंतीला लागून पडतो, तो डाग. कुठल्याही रंगाऱ्याला विचारा, हा डाग मरत नाही. रंगाचे चार हात मारा, सहा महिन्यांनी परत वर. शिडीच्या घरी आईचा डाग चोवीस वर्षं होता. काका, म्हणजे त्याचे बाबा, त्यावर तळहात ठेवून झोपायचे.

काका डॉक्टरकडे गेले होते त्या दुपारी मी तो विटेपर्यंत खरवडला, पोपडे पिशवीत भरले. वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, प्रायमर मारला, रंगाचे दोन हात दिले. काकांना विचारलं नाही. तिथेच चुकलो.

चित्रात मी बाई समोरून रेखाटली होती. रंग भरत गेलो तशी तिची पाठ झाली. म्हटलं, हात चुकला असेल. दुसऱ्या दिवशी कान दिसला. चौथ्या दिवशी गाल. मी फक्त भिंतच रंगवत होतो, आईशप्पथ.

तिकडे काका आधी भिंत चाचपत बसायचे. मग जेवेनात. गाल आला त्या दिवशी शिडीचा फोन आला, "बाबा मला साहेब म्हणाले रे. 'आपण कोण, साहेब?' असं विचारलं."

मी हसलो नाही. तोही नाही.

सातव्या दिवशी चहा ठेवायला उठलो. परत येतो तर डोळे होते. ओले. मी काढले नव्हते. ती माझ्याकडे बघत नव्हती, दाराकडे बघत होती. जिन्यावर शिडीची पावलं वाजली.

मी कॅनव्हास झटकन उलटा केला.

"झालं?"

"झालं. पण शिडी, ही इकडे येतेय तसे काका तिकडून चाललेत."

येडा झालास का, असं काहीतरी म्हणेल वाटलं. तो कॅनव्हासच्या मागच्या लाकडी पट्टीवरून बोट फिरवत राहिला. आईचा चेहरा एका हाताच्या अंतरावर होता.

"बघितलं तर जाईल का बाबांचं सगळं?"

"माहीत नाही."

मग तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. "खरवड."

मी पत्तीने सगळं उतरवलं. डोळे शेवटी. लांबीत मळलं आणि काकांच्या उशाशी होतं तिथेच परत भरलं. वर रंग.

जो डाग यायला सहा महिने लागतात, तो तिसऱ्या दिवशी आला. काकांनी तळहात टेकवला, हळूच म्हणाले, "आलीस? जेवलीस का?" मग मागे वळून, "आणि तू उभा काय शिडीसारखा? चहा टाक."

शिडी स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडला.

मला तो चेहरा पाठ आहे. हात शिवशिवतो, रोज. काल एका घराचं छत रंगवताना शिडी वर बघतच म्हणाला, "तुला आठवते ना ती?"

"हो."

"मग सांग कधीतरी. काढू नकोस."

ब्रश खाली ठेवला आणि त्याला शब्द दिला. विचारशील तेव्हा तोंडाने सांगीन, नाक कसं, कपाळ कसं, सगळं. पेन्सिल लावणार नाही. सिगारेटच्या पाकिटावरसुद्धा नाही.