रिंगणीच्या बिया

त्या रविवारी दिल्लीत, मयूर विहारच्या आमच्या सोसायटीच्या पार्कात दाटी झाली होती. मधोमध दंतबाबा. परातीत पाणी, पाण्यात विटेवर लालभडक तवा. बाबा त्यावर बिया टाकून तूप सोडत, दुखऱ्या दाताचा माणूस धुरावर तोंड उघडून वाके, आणि पाण्यात पांढरे किडे तरंगत! लोक हात जोडत.

"अहो, डोळ्यांनी दिसतायत ना!" माझी बायको कुमुदिनी म्हणाली. तिच्या कडेवर आमचा दोन वर्षांचा नातू निहार. त्याचे वरचे पुढचे दात तपकिरी, खड्डे पडलेले. तोंडात, वर टाळूला खोल खाच.

बाबांनी टॉर्च मारला. "माताजी, ये चुडैल के नाखून का निशान है. कीडा दिमाग तक जाएगा."

सून रेवती शेजारीच उभी होती. निहार सातव्या महिन्यात जन्मला, कित्येक आठवडे त्याच्या तोंडातून श्वासाची नळी घातलेली होती. दृष्ट लागेल म्हणून हे घराबाहेर काढायचं नाही, असं ठरलेलं. दातांच्या डॉक्टरलाही सांगितलं नव्हतं.

"धूर नको, त्याची फुप्फुसं..." मी पुटपुटलो.

"तुम्ही पुस्तकं वाचा," म्हणत कुमुदिनीनं त्याला वाकवलं.

पोर खोकत सुटलं. ओठ निळे पडले. रेवती किंचाळली, आणि बाबा बियांची थैली टाकून पसार झाला.

निहारला इस्पितळात ऑक्सिजन लावला. रेवती तिथंच थांबली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या डॉक्टर रुचिराला मी नळीचं सगळं सांगितलं. तिनं आमच्या स्वयंपाकघरात तवा तापवला, बाजूला पाणी ठेवलं आणि मी पार्कातून उचलून आणलेल्या थैलीतल्या बिया तव्यावर टाकल्या. तडतड झाली. पाण्यात तेच पांढरे किडे.

"आजी, हे कुणाच्या तोंडातून पडले?"

कुमुदिनीनं वाकून पाण्यातला एक किडा बोटावर घेतला.

"भुईरिंगणीच्या बिया. तापल्या की फुटतात, आतला अंकुर उडून पाण्यात पडतो."

"मग त्याचे दात?" कुमुदिनीनं विचारलं.

"नळी टाळूवर, हिरडीवर टेकून होती. आत दात घडत होते, त्यांचं कवच नीट बनलं नाही. खाच बरीचशी भरते, दातांवर इलाज आहे. नळीनं त्याला जगवलंय, आजी. लपवलंत कशाला?"

तेवढ्यात रेवतीचा फोन आला. ऑक्सिजन पुरत नव्हता; पुन्हा नळी घालणार होते.

इस्पितळाच्या नोंदणीच्या खिडकीशी, अनोळखी माणसांच्या रांगेत, कुमुदिनी मोठ्यानं म्हणाली, "लिखिए, भैया. बच्चा सातवें महीने में पैदा हुआ था. पहले भी नली लगी थी."

निहार अजून आत आहे. मी कुणाला शहाणपण शिकवावं असा माणूस नाही. पण कुणी चमत्कार दाखवू लागला, तर एवढंच म्हणा: महाराज, आधी कुणाचंही तोंड नसताना किडे पाडून दाखवा. आणि पोराचं खरं काय ते डॉक्टरला सांगा.